तिसरी जबानी

"माह्या घरात येऊन मलेच खोटा म्हणून राह्यला का बे तू?" पाटील एवढ्या मोठ्यानं ओरडले की ओसरीवरच्या कोंबड्या उडाल्या त्या थेट गोंडपिपरीच्या बसस्टँडवर जाऊन बसल्या. ज्याच्यावर ओरडणं चाललं होतं तो माणूस मात्र पाटलांच्याच खुर्चीत बसून एका लांबट वहीत लिहीत होता. लिहून झालं, ओळीखाली रेघ मारली आणि मान वर न करता तो म्हणाला, "पाटील, ही पयली जबानी झाली. आता दुसरी सांगा."

प्रकरण असं की पाटलांच्या कॉम्प्युटरचा मॉनिटर दोन दिवसांपासून काळाठिक्कर पडला होता. पाटलांची पहिली जबानी होती, "घरातल्या कोनंच हात नाई लावला." दुसऱ्या वेळी पाटलीणबाई दाराआडून म्हणाल्या की एक ओला टॉवेल तेवढा वर वाळत घातला होता, तोही छोटा. वहीत तेही उतरलं, रेघ पडली. तिसऱ्यांदा तोच प्रश्न त्याच आवाजात आला तेव्हा आतल्या खोलीतून पाटलांच्या म्हाताऱ्या आत्याबाईंनी सांगून टाकलं. चैताचे दिवस, वर आभाळ धरलेलं, वेचून आणलेली मोहाची फुलं वाळेनात. घरात चोवीस तास गरम राहणारी अशी एकच जागा होती. तर आत्याबाईंनी मॉनिटरच्या डोक्यावर पेपर टाकून त्यावर मोह पसरला होता.

मग त्यानं मॉनिटरचं मागचं टोपण काढलं. आतून जो काही मोह निघाला तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. टोपलंभर होता म्हणा. आणि वास असा सुटला की गल्लीतली तीन माणसं काही न पिता झुलायला लागली.

या माणसाचं नाव हनीफ. पण मूल तालुक्यात त्याला पाठीमागेही हनीफच म्हणणारी फक्त त्याची आई आणि माझी आई. बाकी सगळे तोंडावर हनीफभाई म्हणत आणि तो पाठमोरा झाला की जबानीभाई.

मी त्या दिवशी पाटलांच्या पायरीवर ताटकळत होतो, कारण जबानीभाईचा कायदाच तसा होता. त्याच्याकडे ना सायकल ना गाडी. ज्याचं मशीन पुढे बिघडलं त्यानं त्याला मागच्या घरून उचलून न्यायचं. म्हणजे सावली गावच्यानं त्याला मूलहून न्यायचं, गोंडपिपरीवाल्यानं सावलीहून न्यायचं, आणि माझ्यासारख्या मूलवाल्यानं, ज्याच्या घरापासून त्याचं दुकान दीडशे पावलांवर, त्यानं त्याला आणायला भर उन्हात गोंडपिपरीपर्यंत गाडी हाणायची. मी एकदा यावर तक्रार केली. तो म्हणाला, "भाऊ, येणाऱ्याले मागच्या घरचा फॉल्ट दिसते. मंग आपल्या घरी कमी खोटं बोलते." असा माणूस. डोकं फिरायचं.

हे जबान्यांचं वेड त्याच्या बापाकडून आलेलं. बाप तहसील कचेरीसमोर चिंचेखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. हनीफ त्या टेबलाच्या पायाशी वाढला. शेताच्या धुऱ्याचं भांडण, बैल पळवला, जंगलातून लाकूड तोडलं, सगळ्यांच्या कहाण्या त्यानं दूध पिता पिता ऐकल्या. पुढे रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्हीचे अँटेने वळवले, मग नागपूरला सहा महिने राहून कॉम्प्युटर शिकून आला. पण दुरुस्तीची पद्धत चिंचेखालचीच. "पयली जबानी इज्जतीची," तो म्हणायचा, "दुसरी भेवाची. तिसरी खरी. म्हणून तीनदा इचारा लागते. मशीन कदी खोटं बोलत नाई, तिले तर एकदाच इचारा." तिसरी जबानी झाली की वही फिरवून घरमालकाची सही घ्यायचा आणि मगच पेचकस खिशातून निघायचा.

आमच्या घरी तो पहिल्यांदा आला तेव्हा माझं मशीन सुरू केलं की नुसतं लांब शिट्ट्या मारायचं, पडदा काळा. मशीन घेताना दुकानदारानं एक वाक्य सांगितलं होतं, की कॉम्प्युटरला थंडावा पाहिजे. ते वाक्य आम्ही देवाज्ञेसारखं धरलं. मे महिन्यात आमच्याकडे ऊन असं असतं की पाली भिंत सोडून माठावर चढतात. अशा उन्हात घरातला एकमेव कूलर, वाळ्याच्या ताट्यांना बादल्याबादल्यांनी पाणी मारून, आम्ही कॉम्प्युटरच्या तोंडापासून हातभर अंतरावर लावला. बाबा रिटायर झालेले ड्रॉइंग मास्तर. ते बनियनवर आतल्या खोलीत वर्तमानपत्रानं वारा घेत पडायचे आणि कॉम्प्युटर महाबळेश्वरला असल्यासारखा बसायचा.

जबानीभाईनं विचारलं, पाणी लागलं का. बाबा म्हणाले, एक थेंब नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, फरशी पुसताना थोडं. तिसऱ्यांदा बाबांनी नुसतं कूलरकडे पाहिलं. त्यानं कबूल समजून सही घेतली. डबा उघडला, आतून बोटभर लांबीची मेमरीची एक पट्टी उपसली आणि तिचे पिवळे दात आम्हाला दाखवले. कूलरच्या ओलीनं त्यांच्यावर काळसर थर आला होता. मग त्यानं बाबांच्या जुन्या पेटीतला खोडरबर मागितला. बाबांनी तो रबर तीस वर्षं कोणत्याही विद्यार्थ्याला दिला नव्हता. जबानीभाईनं त्या रबरानं दात घासले, पट्टी परत खोचली, बटण दाबलं. मशीन एक छोटी शिट्टी मारून गुमान उठलं. जाताना त्यानं कूलर उचलला, आतल्या खोलीकडे तोंड करून ठेवला आणि म्हणाला, "मास्तर, हवा तुमी खा. मशीनले तिचा पंखा पुरते." बाबा त्या दिवसापासून त्याचे भक्त झाले. मी मात्र नाही झालो.

कारण माझा खरा छळ त्यानंतर सुरू झाला.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा, बी. कॉम. होऊन घरी बसलेला. नागपूरच्या एका छापखान्यानं मला टायपिंगचं काम द्यायचं कबूल केलं. हातानं लिहिलेली पानं सकाळच्या बसनं ड्रायव्हरजवळ यायची; मी ती मराठीत टाइप करून संध्याकाळी पाचच्या आत इंटरनेटवरून पाठवायची. छापखानेवाल्याची अट साफ होती, तीनदा उशीर झाला की काम दुसऱ्याला. अख्ख्या मूल गावात घरी बसून नागपूरचं काम करणारा मी पहिलाच. मी तर स्वतःला परदेशातच नोकरी लागल्यासारखा चालत होतो. काम गेलं असतं तर पुढे फक्त राइसमिलीतली पोती मोजणं होतं, आणि तिथेही वशिला नव्हता.

इंटरनेट तेव्हा फोनच्या तारेतून यायचं. मोडेम आधी गळा काढायचं, मग किंचाळायचं, मग खरखरायचं; आमच्या शेजाऱ्याची गाभण शेळी त्या आवाजानं आठ दिवस आधी व्याली, हे शेजारी आजही सांगतो. एवढं झाल्यावर पडद्याच्या कोपऱ्यात दोन पिटुकले कॉम्प्युटर यायचे आणि आळीपाळीनं लुकलुकायचे. ते लुकलुकत आहेत तोवर जग आपलं. मी फाइल लावायचो, ती मुंगीच्या पावलानं चढायची, आणि आता पोहोचणार, आता पोहोचणार, एवढ्यात ते दोघे पिटुकले नाहीसे व्हायचे. लाइन तुटली. परत गळा, परत किंचाळी, परत खरखर. परत तुटली. कधी दहा मिनिटांत, कधी पंधरा. जणू कोणी घड्याळ लावून माझ्या नशिबाची वायर उपटत होतं.

मी काय नाही केलं. वायर बदलली. मोडेम काढून, फुंकून, बाबांच्या त्याच रबरानं घासून परत बसवलं. विंडोज पुसून नवी टाकली, त्यात बाबांनी मोठ्या कष्टानं रंगवलेलं एक बैलजोडीचं चित्र गेलं; बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी टेलिफोनच्या खांबाला अगरबत्तीही लावली, हे मी कबूल करतो, आणि पहिल्याच जबानीत करतो. पहिला उशीर सोमवारी झाला. दुसरा गुरुवारी. छापखानेवाला फोनवर थंड आवाजात म्हणाला, "आता एकच राहिला."

म्हणून मी त्या शुक्रवारी गोंडपिपरीला पाटलाच्या पायरीवर बसलो होतो, आणि माझी त्या दिवसाची पानं घरी टाइप होऊन पडली होती, आणि तो माणूस तिथे एकेक मोहफूल चिमट्यानं मॉनिटरमधून वेचत होता.

मूलला पोहोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. मी दारातूनच सगळ्यांना गोळा केलं. आमच्या घरात फोन दोन. एक पुढच्या खोलीत, कॉम्प्युटरजवळ. दुसरा त्याच तारेवरचा, स्वयंपाकघरात. दुसरा दादासाठी घेतलेला. माझा मोठा भाऊ वनरक्षक होता, एटापल्लीच्याही पलीकडे, जिथे फोन नव्हता, लाइटही अधूनमधून. आठवड्यातून कधीतरी तो सामान घ्यायला आलापल्लीला यायचा आणि तिथल्या एसटीडी बूथवरून फोन करायचा. कोणता दिवस, किती वाजता, ठरलेलं काही नाही. शेजारच्या मिलीच्या घरघरीत आईला पुढच्या फोनची घंटी ऐकू यायची नाही, म्हणून तो आतला.

मी मोठ्यानं जाहीर केलं, "ऐका. लाइन तुटते तर घरातूनच तुटते. ज्याचा कोनाचा हात असंल, त्याचा तो फोन मी आज भिंतीतून उपटून कोपऱ्यावरच्या विहिरीत टाकतो. मंग कोनी असो." बाबा म्हणाले, त्यांनी हातच लावला नाही. आई पदरानं हात पुसत उभी होती. तीही म्हणाली, नाही. जबानीभाईनं दोन ओळी लिहिल्या, रेघा मारल्या.

मग त्यानं पाणी मागितलं आणि आईच्या मागे स्वयंपाकघरात गेला. मी मोडेमला गळा काढायला लावून पुढेच बसलो. आतून त्याचा आवाज यायचा, मग आईचा. एकदा मी डोकावलो तर तो आतला फोन हातात घेऊन पाहत होता. आमचं स्वयंपाकघर चुलीच्या काळापासूनचं. डबे, फळी, खिडकी, सगळ्यांवर धुराची नि तेलाची काळी साय. त्या सगळ्यात तो फोन तेवढा घासलेल्या तांब्यासारखा चमकत होता. मी पाहिलं आणि मला काही वाटलं नाही. मला म्हणजे बी. कॉम. झालेल्या माणसाला.

तो बाहेर आला तेव्हा पेनाला टोपण लावलेलं होतं.

"फॉल्ट बाहीर हाय भाऊ," तो म्हणाला. "चार ते पाच वाजता वांदरं तारेवरून जातेत. तार हालते, लाइन तुटते. तुमी सकाळी सहाले पाठवत जा. सहाले वांदरं झोपून राह्यतेत."

मला वाटलं उन्हानं माझेच कान गेले. साऱ्या तालुक्याला तीन-तीनदा विचारून रडवणारा माणूस, आत्याबाईंच्या मोहापर्यंत पोहोचणारा माणूस, माझ्या वेळी वानरांवर आला. मी म्हटलं, "हनीफभाई, खरं सांगा, फॉल्ट काय हाय?"

"वांदरं," तो म्हणाला.

"मी खरं इचारून राह्यलो. फॉल्ट काय हाय?"

"सांगतलं न भाऊ. वांदरं."

मी हातातला माऊस टेबलावर आपटला आणि जे तोंडाला येईल ते बोललो. तो उभाच राहिला, वही काखेत, माझ्याकडे पाहत, जणू माझं आणखी काहीतरी विचारायचं राहिलं आहे. मी ते विचारलं नाही. मी बाहेर निघून गेलो. त्या दिवशी त्यानं सही घेतली नाही, हेही तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

मी चौकात तणतणत असताना त्यानं आमच्याच फोनवरून छापखान्याला फोन लावला. हे मला बाबांनी सांगितलं. म्हणाला, "मूलहून मेकॅनिक हनीफ बोलून राह्यलो. लाइनीचा फॉल्ट हाय, पोट्ट्याचा नाई. आजचं उद्या सहाले येईन. पुढंबी रोज सहाले येईन. एक दिवस चुकला तर माह्या नावानं लिहून ठेवा." छापखानेवाल्यानं आठ दिवस पाहतो म्हटलं.

मी त्याचे उपकार मानले नाहीत. उलट दुसऱ्या दिवशी त्याला खोटा पाडायची तयारी केली. बाबांना कॉम्प्युटरसमोर बसवलं, लाइन जोडून दिली आणि सांगितलं, तुटली की ओरडा. मी स्वतः छत्री, पाण्याची बाटली आणि घड्याळ घेऊन चार वाजता स्लॅबवर चढलो. तिथून तार पार चौकापर्यंत दिसते. खालून बाबा ओरडायचे, "गेलं रे." मी पाहायचो तर तारेवर एक कावळासुद्धा नाही. तासाभरात बाबा पाच वेळा ओरडले. सगळं वानरसैन्य तळ्यापलीकडच्या आंब्यांवर होतं, आणि त्यांचा म्होरक्या, मी शपथेवर सांगतो, माझ्याकडे पाहून जांभई देत होता. आई खालून मला तीनदा म्हणाली, काऊन उन्हात बसून राह्यला, खाली ये.

त्यानंतर मी मूलभर डंका पिटला. पानठेल्यावर, बसस्टँडवर, मिलीच्या फाटकाशी मी ती वानरांची गोष्ट सांगायचो, आणि प्रत्येक वेळी वानरं वाढायची. शेवटी शेवटी माझ्या गोष्टीत जबानीभाई वानरांच्या जबान्या घेऊन त्यांच्या शेपट्यांचे अंगठे उमटवायचा. लोक पोट धरून हसायचे. पुढच्या काही महिन्यांत लोक त्याला तोंडावर विचारू लागले, "काय हनीफभाई, आज वांदरं कुठी?" तो म्हणायचा, "झाडावर." त्याची गिऱ्हाइकं चंद्रपूरच्या एका नव्या दुकानाकडे जाऊ लागली; तिथला पोरगा कोणालाच काही विचारायचा नाही, सरळ पार्ट बदलून टाकायचा. मीही त्याला एकदा बोलावलं. त्यानं मोडेम बदललं. लाइन चार ते पाच तुटायची ती तुटतच राहिली.

फक्त सकाळी सहाला कधी तुटली नाही. एकदाही नाही. मी तोंड धुऊन बसायचो, पिटुकले लुकलुकायचे, फाइल जायची. छापखानेवाल्याचे आठ दिवस सहा वर्षं चालले. त्या कामावर माझं लग्न झालं, घरावर वरचा मजला चढला. आणि मी लोकांना सांगायचो की सहाची युक्ती माझी.

मग मोबाइल आले. दादाची बदली सिंदेवाहीला झाली, त्याच्या खिशातही फोन आला. घरी ब्रॉडबँड घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात त्याचा डबा लाल दिवा दाखवून बसला. माझी जुनी खोड उसळली. मी दारात उभा राहून ओरडलो, कोनी हात लावला. कोणीच नाही म्हणालं. मग मी चिडून म्हटलं, या घरात तारा फार झाल्या, आतला जुना फोन आधी काढून फेकतो, त्याचं आता काम काय.

आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "तो राहू दे. त्याच्यासाठी हनीफभाऊले तुह्या शिव्या खाव्या लागल्या."

मी विचारलं, म्हणजे काय. तिनं मान वर न करता सांगितलं. मी बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षी परीक्षेसाठी चंद्रपूरला होतो तेव्हा खरोखरच वानरांनी तार तोडली होती. पंधरा दिवस फोन मुका पडला आणि घरात कोणाला कळलंच नाही, फोन येत नाही म्हणजे दादा कामात असेल. दादा त्या पंधरा दिवसांत हिवतापानं फणफणलेला, दोनदा कसाबसा आलापल्लीला येऊन फोन लावून गेला. इकडे घंटीच वाजली नाही. पुढे कोणाच्या तरी हातची चिठ्ठी आली तेव्हा तो दवाखान्यात होता. तेव्हापासून ती दर दहा-पंधरा मिनिटांनी फोन उचलून कानाला लावायची. लाइन जिवंत आहे ना, एवढंच पाहायला. दिवसभर. बूथ बंद व्हायच्या वेळेपर्यंत.

"तू लावलं राहे तवा त्यात चीं-चीं होये," ती म्हणाली. "मी म्हनो, जित्ती हाय. ठेवून देओ. त्याच्यानं तुह्यं तुटते, मले का मालूम. हनीफभाऊनं सांगतलं तवा समजलं. मी म्हटलं, आता नाई उचलत. तर म्हने, उचला बाई, दिवसभर उचला. फक्त सहा ते साडेसहा नोका उचलू. तेवढं मी पाळलं."

तिनं एक शेंग मोडली, टोपल्यात टाकली. मला त्या डब्याचा लाल दिवा दिसत होता, दुसरं काही दिसत नव्हतं. आपण चार ते पाच ती तार धरून बसायचो तेव्हा दादा आलापल्लीच्या बूथवर एंगेज ऐकत किती वेळ उभा राहत असेल, हा हिशोब मला सहा वर्षांत एकदाही सुचला नव्हता. तिला रोज सुचत होता. तरी तिनं मला पाठवू नको असं कधी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दुकानात गेलो. दीडशे पावलं, मी ती सहा वर्षांत चाललो नव्हतो. शटर अर्धं खाली होतं. डोळे गेले होते त्याचे, म्हणजे बारीक स्क्रू दिसायचे नाहीत. राजुऱ्याला मुलीकडे राहायला चालला होता. जुने मॉनिटर भिंतीला तोंडं करून ठेवलेले आणि तो जबान्यांच्या वह्या पोत्यात भरत होता. मला पाहून म्हणाला, "बसा भाऊ," आणि पोत्याचं तोंड सोडलं, जणू मी कालच येऊन गेलो होतो.

मी म्हटलं, त्या शुक्रवारची वही दाखवा. त्यानं शोधली नाही. वरचीच काढून दिली. गोंडपिपरीच्या पाटलांच्या पानानंतर आमचं पान. बाबांची ओळ. खाली आईचं नाव. पहिली जबानी, मी नाही उचलला. दुसरी, पुसायला उचलला. तिसरीसाठी त्यानं आकडा घातला होता, खाली रेघही मारून ठेवली होती, आणि मधली जागा कोरी. सहीच्या जागीही काही नाही.

बाहेर मिलीचा भोंगा झाला. मी पान धरून बसलो. मी काय काय बोलायचं ठरवून गेलो होतो. पानठेल्याचं, वानरांच्या अंगठ्यांचं, त्याच्या गेलेल्या गिऱ्हाइकांचं.  पण तोंडातून निघालं ते परत तक्रारीसारखंच.

"हनीफभाई, मले तरी खरं सांगाचं होतं. काऊन नाई सांगतलं?"

त्यानं माझ्या हातातून वही घेतली, बंद केली, पोत्यात टाकली.

"तुमी दोनदाच इचारलं होतं," तो म्हणाला.